आधी टिपाडाचं बोला

लातुरात घरात कपाटं करायची म्हटली की सनमायकाचा रंग वगैरे नंतर. आधी टिपाडाचं बोलायचं. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी ज्या गावानं प्यालंय, तिथं रिकामं भांडं दिसलं की हात आपोआप नळाकडं जातो. आता दोनशे लिटरचं टिपाड दोन फुटांच्या आसपास रुंद, आणि आमच्या मिस्त्रीचं कपाट जेमतेम दीड फूट खोल. दार लावायचं कसं?

बायकोनं मोबाईलवर एक फोटो दाखवला. पांढरी भिंत, अधांतरी फळी, फळीवर पुस्तकं तीन आणि कपात उगवलेलं एक रोपटं. त्या घरात ज्वारीचं पोतं नव्हतं, पापडाचा डबा नव्हता, पाहुण्यांच्या गाद्या नव्हत्या. ही माणसं खातात काय आणि यांच्याकडं येतं कोण? आईनं चष्मा सरसावून फोटो पाहिला आणि म्हणाली, “छान हाय. पाणी कुठं भरायचं मग, त्या कपात?”

मिस्त्री मात्र जाणता. म्हणाला, “साहेब, अठरा एमएमचा प्लाय असला तरी तीन फुटांवर फळी नेली तर मधी आधार लागतो. नाहीतर वजनानं पोट सुटतं.” हे सांगताना तो माझ्याकडं का बघत होता, ते मी विचारलं नाही.

पलंगाच्या वर लॉफ्ट काढायचं ठरलं, तर आई आडवी. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपापासून झोपल्या जागी डोक्यावर जड काही ठेवायचं नाही, हा आमच्या घरचा कायदा आहे आणि तो बरोबरच आहे. पण हीच आई गावाकडच्या माळवदाच्या घराचं कौतुकही करते. तिथं भिंतीच दीड-दोन हात रुंद, त्यामुळं कोनाडे, देवळ्या, धान्याचं बळद सगळं भिंतीच्या पोटात. आमची भिंत चार इंची. तिच्या पोटात काय मावणार? म्हणून कपाट खोलीत येतं आणि माणूस पॅसेजमध्ये.

खरी अडचण आहेराच्या भांड्यांची. प्रत्येक डब्यावर नाव आणि लग्नाची तारीख कोरलेली, त्यामुळं दुसऱ्याला देता येत नाही. त्यातलं एक जोडपं आता वेगळं राहतं. त्यांचे डबे आमच्याकडं एकात एक बसून सुखानं नांदतायत.

ओट्याखाली जाळीच्या ट्रॉल्या बसवल्या. दिसायला देखण्या. पहिल्याच दिवशी झारा आत उभा राहिला आणि ट्रॉली जी अडकली ती उघडेना. फटीतून पातळ सुरी घालून, झाऱ्याची मान खाली दाबून, बायकोनं ती सोडवली. तोवर तव्यावरची भाकरी करपली. तेव्हापासून झारा आणि उलथनं भिंतीवरच्या खिळ्याला. खिळा पाच रुपयांचाही नसेल.

टिपाड शेवटी पॅसेजमध्येच राहिलं. त्यावर भरतकामाचा रुमाल आणि मनीप्लांट. पाहुण्यांना ते कॉर्नर टेबल वाटतं, आम्हीही काही बोलत नाही.

मिस्त्रीचा हिशेब झाला. उरलेले प्लायचे तुकडे तो घेऊन चालला होता, तर आई म्हणाली, “राहू दे, कामाला येतील.” ते दिवाणात गेले. दिवाणातल्या गाद्या नव्या कपाटात गेल्या. आणि कपाटात ठेवायचे कपडे सध्या खुर्चीवर आहेत, त्यामुळं हे मी उभ्यानं लिहितोय.