पट्ट्या मोजून लढाया मोजू नका

जुन्या पदकांच्या खरेदी-विक्रीत दक्षिण आफ्रिकेतल्या ब्रिटिश-बोअर युद्धाच्या (१८९९–१९०२) ‘क्वीन्स साउथ आफ्रिका’ या ब्रिटिश पदकाबद्दल एक दावा सर्रास फिरतो. रिबनवर जितक्या धातूच्या पट्ट्या (क्लास्प) तितक्या लढाया. जोडीला त्याच युद्धाचे ‘किंग्ज’ हे दुसरे पदक नसेल तर माणूस अर्ध्यातून पळाला. आणि लम्सडेन्स हॉर्स हे भारतीय स्वारांचे पथक. तिन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

आधी पट्ट्या. ‘केप कॉलनी’, ‘ऑरेंज फ्री स्टेट’, ‘ट्रान्सव्हाल’ या पट्ट्या प्रदेशांच्या आहेत. माणूस त्या प्रदेशात सेवेत होता, पण तिथल्या एखाद्या लढाईची वेगळी पट्टी त्याला मिळाली नाही, एवढाच त्यांचा अर्थ. ‘रिलीफ ऑफ लेडीस्मिथ’ तर १५ डिसेंबर १८९९ ते २८ फेब्रुवारी १९०० या काळात नाताळ वसाहतीत एस्टकोर्ट गावी किंवा त्याच्या उत्तरेला असलेल्या सगळ्या सैनिकांना मिळाली. गोळीचा आवाजही न ऐकलेला एस्टकोर्टचा कोठारवाला तिचा हक्कदार होता. तीन पट्ट्या दिसल्या की ‘तीन लढायांचा वीर’ म्हणून भाव चढवणे ही सरळ दिशाभूल आहे.

किंग्ज पदकाची अट मुदतीची होती: १ जानेवारी १९०२ रोजी किंवा त्यानंतर दक्षिण आफ्रिकेत सेवेत असणे आणि १ जून १९०२ पूर्वी १८ महिने भरलेले असणे. वसाहतींतले कित्येक घोडेस्वार स्वयंसेवक वर्षभराच्या करारावर आले होते. करार पाळून घरी परतलेल्या माणसाला पळपुटा म्हणणे अन्यायाचे आहे.

लम्सडेन्स हॉर्स कलकत्त्याहून १९०० साली निघाले, पण त्यातले स्वार भारतातले युरोपीय होते, बरेचसे चहा आणि निळीचे मळेवाले. भारतीयांना या युद्धात लढाऊ म्हणून पाठवायचे नाही, हे ब्रिटिश सरकारचे धोरण होते. तरीही भिस्ती, सईस, डोलीवाले मोठ्या संख्येने गेले आणि त्यांना चांदीऐवजी ब्राँझचे पदक मिळाले. घरात असे पदक असेल तर नाव कोरलेली त्याची कड भिंगाखाली नीट पाहा. नावाआधी ‘भिस्ती’ लिहिलेले सापडले तर लपवू नका. पखाल वाहणाऱ्याची सेवा स्वाराच्या सेवेपेक्षा तसूभरही कमी नव्हती.

पदकाच्या कडेवर तुकडीचे नाव सहसा एकच असते, माणूस मात्र दोन-तीन तुकड्यांत राबलेला असू शकतो. म्हणून लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमधल्या डब्ल्यूओ (वॉर ऑफिस) १०० या पदक-याद्या आणि आफ्रिकेत उभ्या राहिलेल्या तुकड्यांसाठी डब्ल्यूओ १२६ मधले भरतीचे अर्ज पाहिल्याशिवाय कोणाचाही सेवा-इतिहास लिहू नये.