पत्ता बदलण्याची सोपी प्रक्रिया

घर बदलण्यात सर्वांत अवघड काम कपाट जिन्यावरून उतरवण्याचे असते, असे ज्यांना वाटते त्यांनी घर बदलल्याची वार्ता अद्याप सरकारच्या कानावर घातलेली नसावी. मी ती घालण्यासाठी संबंधित विभागाकडे चौकशी केली, तेव्हा ‘आता सगळे ऑनलाइन झाले आहे’ असे उत्तर मिळाले. उत्तर देणाऱ्या गृहस्थांच्या स्वरात जो सुटकेचा आनंद होता, त्याचा अर्थ मला संकेतस्थळ उघडल्यावर हळूहळू उलगडत गेला.

मुख्यपृष्ठावर विभागाविषयी काय नव्हते? स्थापनेचा इतिहास होता, ध्येय होते, ध्येयापासून वेगळी काढलेली उद्दिष्टे होती, उद्‌घाटनांची छायाचित्रे होती, अधिकाऱ्यांचा पदश्रेणीनुसार तक्ता होता आणि या सर्वांच्या डोक्यावरून सरकत जाणारी एक ओळ होती, जी वाचायला घ्यावी तोवर पडद्याबाहेर निघून जात असे. पत्ता बदलण्याची सोय मात्र दिसेना. घराचा रस्ता विचारणाऱ्याला घरमालकाची वंशावळ ऐकवावी, तसा हा प्रकार होता. अखेर ती सोय ‘इतर’ या सदरातील ‘संकीर्ण सेवा’ या उपसदरात सापडली. तिच्या शेजारी ‘नवीन’ अशी लुकलुकणारी चिठ्ठी होती, आणि खालची तारीख पाहता ती बरीच वर्षे अखंड लुकलुकत असावी.

यामागचे कारण मला पुढे समजले. मी घर बदलले होते. पण विभागाच्या दृष्टीने घर बदलणे अशी काही घटना जगात घडतच नाही. घडतो तो ‘नोंदीतील तपशिलात फेरफार’, आणि तो कोणत्या कक्षाच्या अखत्यारीत येतो हे मला ठाऊक असणे अपेक्षित होते. ब्रिटनमध्ये सरकारी सेवा नागरिकांच्या सोयीने ऑनलाइन आणण्यासाठी २०११ साली ‘गव्हर्न्मेंट डिजिटल सर्व्हिस’ नावाची तुकडी उभी राहिली. तिने पुढच्या वर्षी रचनेची तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांतील पहिलेच होते की आरंभ गरजांपासून करावा. त्यावर तारांकन करून या गरजा वापरणाऱ्याच्या, सरकारच्या नव्हेत, असा खुलासा जोडावा लागला. तत्त्वापेक्षा तो खुलासाच मला अधिक अनुभवी वाटतो. ऑक्टोबर २०१२ मध्ये ‘डायरेक्टगव्ह’ आणि ‘बिझनेस लिंक’ ही दोन मोठी संकेतस्थळे बाजूला सारून त्या तुकडीने ‘गव्ह डॉट यूके’ हे एकच स्थळ सुरू केले, जेथे नागरिकाने आपले काम सांगावे आणि विभाग कोणता याची चिंता सरकारने करावी, अशी मांडणी होती.

आमच्याकडे चिंतेची विभागणी उलटी होती. कोणती कागदपत्रे लागतील एवढेच मला पाहायचे होते, परंतु ते पाहण्यासाठीही आधी नोंदणी करणे बंधनकारक होते. अमेरिकेच्या ‘हेल्थकेअर डॉट गव्ह’ या आरोग्यविम्याच्या सरकारी संकेतस्थळाने १ ऑक्टोबर २०१३ रोजी हाच मार्ग अवलंबला होता. विमा योजना नुसत्या पाहण्यापूर्वीही खाते उघडायला लावल्याने सगळी गर्दी त्या एका दारात अडकली, आणि पहिल्या दिवशी फक्त सहा जणांची नोंदणी पूर्ण झाल्याचे नंतर उजेडात आलेल्या बैठकीच्या टिपणांत दिसले. ते सहा जण कोण होते कोणास ठाऊक. मला त्यांचे मार्गदर्शन हवे होते.

नोंदणीत पासवर्ड आला. त्यात एक मोठे अक्षर, एक लहान अक्षर, एक अंक आणि एक चिन्ह हवे होते. मात्र कोणती चिन्हे चालतात हे चालत नसलेले चिन्ह वापरल्यावरच कळत होते. शिवाय तो ठराविक मुदतीने बदलायचा होता. या छळाचा उगम बराचसा अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक संस्थेच्या २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मार्गदर्शिकेत आहे. ती लिहिणाऱ्या बिल बर यांनी २०१७ साली त्याबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला, आणि त्याच वर्षी त्या संस्थेने असले नियम लादू नयेत, असा सल्लाही दिला. ही बातमी जगभरच्या विभागांकडे बहुधा टपालाने निघाली असावी.

खरी मौज कागदपत्रांपाशी आली. जुन्या पत्त्याचा पुरावा म्हणून जो दाखला मागितला होता, तो याच विभागाने मला दिलेला होता. म्हणजे विभागाने छापलेला कागद मी स्कॅन करायचा, विभागाला परत पाठवायचा, आणि मग तो खरा आहे की नाही हे विभागाने आपल्याच दप्तराशी ताडून पाहायचे. प्रत स्वच्छ वाचता आली पाहिजे आणि फाइल शंभर केबीच्या आत बसली पाहिजे, या दोन अटी परस्परांशी बोलत नव्हत्या. एस्टोनियाने २००१ साली ‘एक्स-रोड’ ही जोडणी सुरू करून सरकारी दप्तरांना एकमेकांशी बोलायला लावले. तेथे सरकारपाशी एकदा आलेली माहिती नागरिकाकडे पुन्हा मागू नये, असे तत्त्व आहे. आमच्या विभागाची दप्तरेही एकमेकांशी बोलतात. फक्त मधला निरोप्या मी असतो.

फाइल आटोक्यात आणेपर्यंत पडद्यावर ‘आपले सत्र समाप्त झाले आहे’ असे उमटले आणि भरलेला अर्ज नाहीसा झाला. संकेतस्थळे सर्वांना वापरता यावीत म्हणून डिसेंबर २००८ मध्ये जी जागतिक मार्गदर्शक तत्त्वे आली, त्यांत यावर एक साधा उपाय आहे: मुदत संपण्यापूर्वी सूचना द्यावी, एखादी कळ दाबण्यासारख्या सोप्या कृतीने ती वाढवण्यासाठी निदान वीस सेकंद द्यावीत आणि अशी वाढ किमान दहा वेळा मिळावी. ज्यांचे हात सावकाश चालतात, ज्यांना पडद्यावरचा मजकूर यंत्राकडून ऐकावा लागतो, त्यांच्यासाठी ही सवलत म्हणजे अर्ज होणे आणि न होणे यांतील फरक आहे. माझे हात व डोळे बरे असूनही घड्याळाने मला हरवले, तेव्हा त्यांचे काय होत असेल याची कल्पना करवत नाही.

दुसऱ्या खेपेस शेवटच्या बटणापर्यंत पोहोचलो, तर ‘काहीतरी चुकले आहे’ असा संदेश आला. काय चुकले, कोणाचे चुकले आणि आता मी काय करावे, या तिन्ही प्रश्नांवर विभागाने मौन पाळले होते. अभिप्रायाचा रकाना मात्र चालू होता. स्वल्पविराम हे निषिद्ध चिन्ह असल्याने तेथे मी एका दमात लिहिले की ब्रिटनने २०१४ साली आपल्या डिजिटल सेवांसाठी जी मानके लागू केली त्यांत सर्वांत शेवटची अट अशी होती की सेवा सुरू करण्यापूर्वी तिची आरंभापासून अंतापर्यंतची चाचणी संबंधित मंत्र्यांसोबत घ्यावी तरी आपणही मंत्रिमहोदयांकडून हा अर्ज त्यांच्या स्वतःच्या मोबाइलवर स्वीय सहायकाच्या मदतीशिवाय भरून घ्यावा ही विनंती.

उत्तर तत्काळ आले, हे मान्य केले पाहिजे. ‘आपली सूचना निकाली काढण्यात आली आहे. समाधान न झाल्यास पत्त्याच्या पुराव्यासह पुन्हा अर्ज करावा.’