परदेशातून: सोडलेली पिल्लं मरतात, म्हणून सोडायचीच नाहीत का?

ताडोबात सोडलेली गिधाडं दगावल्याची बातमी आली तेव्हापासून आमच्या घरच्या ग्रुपवर एकच वाद चालू आहे, हा सगळा खटाटोप कशासाठी. माझं माहेर चंद्रपूरचं, राहते मिनेसोटात सेंट पॉलला, त्यामुळे ताडोबाची बातमी म्हणजे आमच्यासाठी घरचीच बातमी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. हरयाणात पिंजोरला बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी ही निसर्गसंस्था) आणि तिथलं वनखातं मिळून गिधाडांचं प्रजनन केंद्र चालवतात, तिथून जानेवारी २०२४ मध्ये वीस गिधाडं ताडोबा आणि पेंचला आणली, आधी मोठ्या पिंजऱ्यात ठेवून तिथल्या हवापाण्याची सवय होऊ दिली, जीपीएस टॅग लावले आणि मग सोडली. त्यातलं एक पार तमिळनाडूपर्यंत गेलं. काही मेली. त्यावर दादाचा मेसेज, "माणसाले दवाखान्यात बेड नाही अन् गिधाडाले हरयाणातून गाडी. मेलीच ना शेवटी?" आणि त्याखाली अंगठ्यांची रांग.

दादा, तुझा राग मला कळतो, चंद्रपूरच्या दवाखान्यात आईला घेऊन आपण दोघंच बसलो होतो. पण मी ज्या गावात राहते तिथे हाच वाद बहिरी ससाण्यावरून होऊन गेलाय आणि त्याचा निकाल रोज डोक्यावरून उडताना दिसतो, म्हणून लिहितेय.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत डीडीटी हे कीटकनाशक शेतात, जंगलात, वस्त्यांवर सगळीकडे फवारलं. ते किड्यांतून छोट्या पाखरांत आणि त्यांच्यातून ससाण्यात गेलं, आणि ससाण्याच्या अंड्याचं कवच इतकं पातळ झालं की आई उबवायला बसली की अंडं तिच्याच वजनाने फुटायचं. साठचं दशक अर्धं सरेपर्यंत मिसिसिपी नदीच्या पूर्वेला बहिरी ससाण्याची एकही जोडी घरटं करत नव्हती. १९७० मध्ये कॉर्नेल विद्यापीठात टॉम केड नावाच्या प्राध्यापकांनी पिंजऱ्यात ससाणे वाढवायचं काम सुरू केलं, स्वतः शिकारी ससाणे पाळणारे होते, तसेच ससाणे पाळणारे अनेक जण आपले पक्षी घेऊन मदतीला आले. पिंजऱ्यात ससाण्याची वीण होते यावर तेव्हा फार थोड्यांचा विश्वास होता.

पिल्लं झाली तरी ती सोडायची कशी हा खरा प्रश्न, कारण शिकवायला आईबाप नाहीत. त्यावर ससाणे पाळणाऱ्यांची जुनी युक्ती कामी आली. साधारण पाच आठवड्यांची पिल्लं कड्यावर नाहीतर उंच मनोऱ्यावर एका लाकडी पेटीत ठेवायची, समोर गज, म्हणजे बाहेरचं आभाळ, नदी, झाडं सगळं दिसतं आणि हीच आपली जागा असं मनात पक्कं बसतं. खाणं मागच्या नळीतून आत सोडायचं, लावे वगैरे, माणसाचा हात दिसता कामा नये, नाहीतर माणूस म्हणजे खाणं हे समीकरण बसतं आणि मग तो पक्षी कामातून गेला. आठवडाभराने गज काढायचे. त्यानंतरही पुढचे पाच-सहा आठवडे तिथेच खाणं ठेवत राहायचं, पोरं उडायला शिकतात, एकमेकांशी हवेत झटापट करतात, हळूहळू स्वतः शिकार करायला लागतात आणि एक दिवस खाण्याकडे फिरकत नाहीत. हे सगळं होईपर्यंत दोन-तीन जण लांबून दुर्बिणी लावून पहाटेपासून अंधार पडेपर्यंत बसलेले असतात, बहुतेक कॉलेजची मुलं, डास चावतायत, पाऊस पडतोय आणि कोण आलं कोण नाही आलं ते वहीत लिहितायत.

आणि तरीही मरायची. आमच्याकडे मिसिसिपीच्या कड्यांवर सुरुवातीला सोडलेली पिल्लं मोठ्या शिंगवाल्या घुबडांनी रात्री मारली. म्हणून कोणी काम गुंडाळलं नाही, मिनेसोटा विद्यापीठाच्या पॅट रेडिग आणि बड टोरडॉफ यांनी १९८२ पासून पुन्हा सोडायला सुरुवात केली आणि पुढे जागा बदलल्या, शहरातल्या उंच इमारती घेतल्या, वीजकेंद्रांच्या धुराड्यांवर पेट्या बसवल्या, कारण तिथे घुबडं कमी आणि कबुतरं भरपूर. जंगलात आईबापांनी वाढवलेल्या पिल्लांपैकीसुद्धा निम्म्याहून जास्त पहिलं वर्ष बघत नाहीत, हे या लोकांनी आधीच धरलेलं होतं. म्हणून थोडी सोडून भागत नाही. १९७४ पासून पंचवीस वर्षांत उत्तर अमेरिकेत सहा हजारांच्या वर ससाणे सोडले, तेव्हा कुठे ऑगस्ट १९९९ मध्ये संकटग्रस्त यादीतून त्यांचं नाव निघालं. सहा हजार! आणि आपण वीस पक्ष्यांवर निकाल देऊन मोकळे.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या ऑफिसच्या पार्किंगच्या रॅम्पवर एक पिल्लू उतरलं होतं. पहिलीच भरारी असणार, डोक्यावर पांढऱ्या पिसांचे पुंजके अजून चिकटलेले, पायात काळी-लाल रिंग, गाड्यांच्या मधे उभं राहून पंख अर्धवट पसरून सगळ्यांवर ओरडत होतं. स्वयंसेवक बाई आल्या, हातात जाड ग्लोव्ह, वरून टॉवेल टाकला, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात घातलं, पंख आणि पाय तपासले, रिंगचा नंबर लिहून घेतला आणि लिफ्टने गच्चीवर नेऊन खोकं उघडलं. एवढंच. मी विचारलं, जगेल का, तर म्हणाल्या माहीत नाही, पण कुठे सापडलं तर नंबर आहे. ही पोरं जगली-मेली तरी त्यांचा हिशोब राहतो, आणि मेलेल्याचीही नोंद तितक्याच काळजीने ठेवतात, कारण गाडीखाली गेलं की काचेवर आपटलं की विषाने मेलं त्यावरून पुढचं ठरतं.

आता कोणी म्हणेल अमेरिकेत गेली आणि अमेरिकेचे गोडवे गाते. तसं नाही. विष त्यांनीच ओतलं आणि त्यांच्या वेगाने ओतलं. पण १९७२ मध्ये डीडीटीवर बंदी घातली, आणि सहा हजार ससाण्यांपेक्षा मला ती बंदी मोठी वाटते. कवच पातळच राहिलं असतं तर साठ हजार सोडून उपयोग नव्हता.

आपल्या वादात नेमकी हीच गोष्ट कोणी बोलत नाही. गिधाडं डायक्लोफेनॅकने मेली, गाईम्हशीला दुखण्यावर टोचलेलं औषध, जनावर मेलं, गिधाडांनी खाल्लं, मूत्रपिंड निकामी. पांढऱ्या पुठ्ठ्याच्या जातीची गिधाडं तर शंभरातली नव्याण्णव गेली. जनावरांसाठी बंदी २००६ ला आली, पण माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जात राहिल्या, त्या बाटलीवर ३ मिलीची मर्यादा यायला २०१५ उजाडलं, कीटोप्रोफेन आणि असेक्लोफेनॅक या गिधाडांना तशाच घातक औषधांवर जनावरांसाठी बंदी यायला २०२३. आणि ससाणी दोन वर्षांची झाली की तीन-चार अंडी घालते, गिधाडाला वयात यायला पाचेक वर्षं लागतात आणि वर्षाला अंडं एकच. म्हणजे आपलं काम त्यांच्यापेक्षा जास्त वर्षांचं आहे, आणि धीर आपण सहा महिन्यांचा धरतो.

दादाच्या दवाखान्याच्या मुद्द्यावरही एक सांगते. इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये हिशोब मांडला, की गिधाडं गेल्यामुळे मढी कुजत पडली, पाणी नासलं, कुत्री वाढली आणि त्यातून भारतात पाच वर्षांत साधारण पाच लाख माणसं जास्त मेली. तो बेड आणि ही गाडी एकमेकांच्या विरोधात नाहीत रे.

मला वनखात्याकडूनही काही हवंय. मेलेल्या प्रत्येक गिधाडाचं शवविच्छेदन काय निघालं ते मराठीत, जाहीर, लवकर सांगा. लपवलं की लोक म्हणणारच की पैसे खाल्ले. आणि जिथे सोडता तिथून शंभर किलोमीटरच्या आतली औषधांची दुकानं तपासा, मेलॉक्सिकॅम हे दुखण्यावरचं औषध गिधाडांना चालतं हे गोठ्यागोठ्यात पोचवा, नंतर पुढची खेप सोडा, आणि तिच्यातली काही मेली तर त्यापुढची सोडा.

दादा, तुझ्या ओळखीचे ते मूल गावचे जनावरांचे डॉक्टर आहेत ना, त्यांना एकदा विचार की ते सध्या गाईला दुखण्यावर कोणतं इंजेक्शन देतात, आणि उत्तर ग्रुपवर टाक.