चार हजारांतले शून्य

काल रात्री अडीचपर्यंत जागा होतो. कशासाठी? तर १०१ हा आकडा आहे की स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर, एवढ्यासाठी!

ग्राफएमएल फाईल (नेटवर्क साठवायचा एक प्रकार) नेटवर्कएक्स या पायथनच्या लायब्ररीत वाचली. नोड्स (नेटवर्कातले बिंदू) आले, एजेस (त्यांना जोडणाऱ्या रेषा) आल्या, मोजदाद जुळली. मग प्रत्येक नोडचा विभाग आणि गट वेगळ्या सीएसव्हीतून, म्हणजे साध्या तक्त्याच्या फाईलमधून, चढवला. एरर नाही, वॉर्निंग नाही. रंग द्यायला गेलो तर झाडून सगळे नोड्स करडे. आधी वाटलं रंगांचा कोड चुकला, तो दोनदा लिहिला. मग सीएसव्हीतल्या स्पेस साफ केल्या. शेवटी एकच नोड छापून बघितला, तर आत काहीच नाही. ग्राफएमएल वाचताना आयडी मुकाट स्ट्रिंग होतात, माझ्या सीएसव्हीत ते आकडे, आणि ॲट्रिब्यूट (विभाग, गट अशी नोडची माहिती) चढवणारं फंक्शन न सापडलेला नोड गुपचूप सोडून देतं. चार हजारांच्या चार हजार सोडले! अरे, ‘एकही जुळला नाही’ एवढी एक ओळ छापायला काय जातं? उपाय काय, तर वाचताना नोड टाइप इंट, म्हणजे पूर्णांक, द्या. झालं.

ॲट्रिब्यूटमध्ये लिस्ट असली की ग्राफएमएल लिहिताना नेटवर्कएक्स सरळ एरर फेकतं. ते मला चालतं. दोन मिनिटं चिडतो, दुरुस्त करतो. पण हे गप्प बसून वाट लावणं मला अजिबात सहन होत नाही.

आणि ती एज लिस्ट, नुसती जोड्यांची यादी! ‘सोपी आहे’ म्हणून जो तो तीच पाठवतो. ज्या नोडला एकही एज नाही, तो तिच्यात कुठे बसणार? गायब. मग काढत बसा घनता, म्हणजे शक्य जोड्यांपैकी किती खरोखर आहेत ते. पांडास या तक्त्यांच्या लायब्ररीतून ग्राफ करताना डायरेक्टेड, म्हणजे एजेसना दिशा आहे, हे सांगायला विसरलात, तर अ कडून ब आणि ब कडून अ या दोन एजेसची एकच होते, आणि नंतरचं वेट (एजचं वजन) आधीचं पुसून टाकतं. त्यावर काढलेल्या पेजरँकला, नोडच्या महत्त्वाच्या त्या मापाला, काय अर्थ? पायेक प्रकारच्या फाईलमध्ये नोड्सचे क्रमांक १ पासून, पायथनच्या आयग्राफ लायब्ररीत ० पासून. नेटवर्कएक्सने जीएमएल या आणखी एका फाईल प्रकारात लिहिलेली मराठी नावं फाईल उघडली की नुसते आकडे आणि अर्धविराम.

आज सकाळी, ती ग्राफएमएल पाठवणाऱ्या मंडळींकडूनच नवी फाईल आली. ॲडजेसन्सी मॅट्रिक्स, म्हणजे कोण कोणाला जोडलंय याचा चौकोनी तक्ता. ओळींना नावं नाहीत, कॉलमना नावं नाहीत. कुठली ओळ कुठल्या नोडची, विचारलं. म्हणाले, ‘मागच्या फाईलच्याच क्रमाने असेल.’

असेल!