गाळाचं काय?

‘महामार्ग झाला आणि नदीकाठची छोटी बंदरं बसली’ हे लेखातलं विधान मला अपुरं वाटलं. मी नऊ वर्षं अशाच एका बंदरात पाण्याची खोली मोजायचं काम केलंय. पावसाळा सरला की आदल्या वर्षीचा नकाशा कुचकामी, कारण गाळाचा उंचवटा भलतीकडेच सरकलेला असायचा. शिवाय गोडं पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळे तेच भरलेलं जहाज नदीत शिरल्यावर आणखी खोल बसतं. एक भरती हुकली की पुढचीसाठी बारा तासांहून जास्त खोळंबा.

काही शतकांपूर्वी बेल्जियममधल्या ब्रुज शहराचा समुद्राकडे जाणारा ज्विन हा जलमार्ग गाळाने बुजला तेव्हा कुठे होते महामार्ग? १९५६ नंतर कंटेनर आले, जहाजं मोठी होत गेली आणि लंडनसारख्या बंदराचा व्यापारही नदीमुखाकडे, टिलबरीला सरकला. १९८१ मध्ये शहराजवळच्या शेवटच्या मोठ्या गोद्याही बंद झाल्या. आमच्याकडे गाळ उपसणं थांबलं तेव्हा आधी डागडुजीचे सुतार गेले, मग हमाल. रस्त्याचं काम त्यानंतर सुरू झालं.