आई दहीकाल्याला निघाली असता घ्यावयाची खबरदारी

वर्षातून एक रात्र अशी येते की गावच्या देवीची जत्रा असते, पालखीनंतर दशावतारी कंपनीचा दहीकाला, म्हणजे रात्रभर चालून पहाटे दह्याची हंडी फोडून संपणारे नाटक, असतो आणि वय वर्षे ७१ असलेली आपली आई, कोणाची परवानगी न घेता, ‘मी आज पहाटेपर्यंत देवळात आहे’ असे जाहीर करते. गोव्याच्या पेडणे तालुक्यातील कोणत्याही सुशिक्षित कुटुंबावर हा प्रसंग ओढवू शकतो. आमच्यावर तो गेल्या मार्गशीर्षात ओढवला. त्या अनुभवाचा होतकरू मुलांना उपयोग व्हावा, एवढाच या लेखनाचा हेतू आहे.

सर्वप्रथम, आईला ‘जाऊ नकोस’ असे तोंडावर म्हणू नये. तसे म्हणणाऱ्या मुलांची गावात उद्धट म्हणून नोंद होते. आपण फक्त काळजी करावी. थंडी, गुडघे, रक्तदाब, देवळाच्या पायऱ्या आणि रस्त्यावरची कुत्री ही कारणे एकदम खर्च न करता दुपारपासून दर अर्ध्या तासाला एक या बेताने काढावीत. ‘एवढा वेळ खाली बसणे तुला जमणार नाही’ हे कारण मी शेवटी राखून ठेवले होते, तेव्हा कळले की तिची चटई दुपारी दोनलाच पहिल्या रांगेत पडली असून ती उडू नये म्हणून शेजारच्या काकूंनी तिच्या चारही कोपऱ्यांवर दगड ठेवले आहेत.

अशा वेळी कायद्याचा आधार घ्यावा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही आणि राज्य सरकारने सवलत दिली तरी ती वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस, तेही मध्यरात्रीपर्यंतच मिळते. हे मी चष्मा लावून, सावकाश वाचून दाखवले. आईने केसांत अबोलीचा वळेसर माळता माळता विचारले, ‘पखवाजाला वायर कुठे असते रे?’ मग मी यूट्यूबवरचा प्रयोग मोठ्या टीव्हीवर लावून देण्याची तयारी दाखवली. त्यावर, ‘त्यातले दही हातावर कोण घालणार?’ असा प्रश्न आला. आपल्याकडे उत्तर नसले की बायकोकडे पाहावे. ती त्या वेळी हटकून खिडकीबाहेर पाहत असते.

आई गेल्यावर घरात उरलेल्या तीन प्रौढ माणसांचे जेवण हा स्वतंत्र विषय आहे. जत्रेचा दिवस असल्यामुळे घर शिवराक असते, म्हणजे बांगडा तळून वेळ निभावून नेण्याचा मार्गही बंद. आईने खतखते, म्हणजे मिश्र भाज्यांचे कालवण, करून झाकून ठेवलेले असते, भात कुकरमध्ये असतो, पापड डब्यात असतात. फक्त गरम करायचे असते. तरीही तिला फोन करून ‘खतखते कुठल्या टोपात आहे?’ असे विचारलेच पाहिजे, नाहीतर आपली गैरसोय तिला कळणार कशी? बाबांनी ऐंशीच्या उंबरठ्यावर प्रथमच स्वतःच्या हाताने वाढून घेतले आणि त्यातले जीभ बधिर करणारे तिरफळ काढून टाकायचे असते हे ठाऊक नसल्याने ते चावून खाल्ले. पुढचा अर्धा तास ते काही बोलले नाहीत. रात्रीतला तेवढा भाग शांततेत गेला.

साडेदहा वाजता ‘संपले का?’ असे विचारण्यासाठी दुसरा फोन करावा. त्या वेळी पालखीसुद्धा देवळात परतलेली नसते, पण आपल्याला ते माहीत असण्याचे कारण नाही. पालखी आली की मध्यरात्रीच्या सुमारास आडदशावतार, म्हणजे मुख्य कथेआधीचा भाग, सुरू होतो. गणपती येतो, रिद्धी-सिद्धी येतात, वेद पळवणारा काळ्या वेशातला संकासुर येऊन मनसोक्त वात्रटपणा करतो, आणि हे सारे उरकल्यावर कुठे आख्यानाला तोंड लागते. त्या आख्यानाला बहुधा लिहिलेली संहिताच नसते. आज कोणती कथा करायची हे कंपनी आयत्या वेळी ठरवते, संवाद नटाच्या जिभेवर तयार होतात, आणि एकच बाकडे गरजेप्रमाणे सिंहासन होते, रथ होते, पर्वतही होते. म्हणजे प्रयोग किती वाजता संपेल, हे खुद्द राजपार्ट, म्हणजे राजाची भूमिका, करणाऱ्यालाही सांगता येणार नाही. म्हणून तर आईला दर पाऊण तासाने विचारत राहायचे.

अकरानंतर ती फोन उचलत नाही. तिने तो पिशवीत घालून पिशवी चटईखाली सरकवलेली असते. आपण मात्र अनिष्टाची कल्पना करावी, मफलर गुंडाळावा आणि झांजेचा आवाज अंगणात स्पष्ट ऐकू येत असतानाही रात्री दोन वाजता तिच्या शोधार्थ निघावे. मी पोचलो तेव्हा राजा आणि राक्षस तलवारी परजत पायपेटीच्या सुरावर गोल फिरत होते, आणि आई काकूंना त्याच राजाची उणीदुणी ऐकवत होती. दशावतारातले नामवंत नट सुधीर कलिंगण २०२२ साली गेल्यापासून राजपार्टाला राजा उरला नाही, हे मत ती दरवर्षी मांडते आणि नव्या राजाने दुसरे पद घेतले की मागे घेते. मी तिच्यापुढे जाऊन गंभीर चेहऱ्याने उभा राहिलो. ‘बस, नाहीतर बाजूला हो,’ ती म्हणाली, ‘मागच्यांना दिसत नाही.’

मी बसलो, अर्थातच तिला सोबत म्हणून. सोबत करणाऱ्याने लगेच झोपी जावे, म्हणजे जागरणाचा त्रास होत नाही. पहाटे हंडी फुटली तेव्हा कोणीतरी माझ्या अंगावर आईची शाल घातलेली होती, आणि दही हातावर घेण्यासाठी मला हलवून उठवावे लागले. कचेरीत मी रात्रभर आईसाठी जागल्याचे सांगून अर्ध्या दिवसाची रजा घेतली.

घरी येऊन पाहतो तो तिने चहा ठेवला होता आणि खाज्यांचा पुडा सोडून बाबांना कथा सांगायला बसली होती. हीच कंपनी उद्या शेजारच्या गावी आहे आणि रिक्षा ठरली आहे, हे तिने कथेच्या मध्येच सांगितले. खतखते उरले आहे, तेच परत गरम करून घ्या, असेही म्हणाली.