‘केप पाचशेसुद्धा नसतो’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. अमेरिकेतल्या हिवाळी वादळांच्या पाठलागावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत : ‘बेळगावात बसून अमेरिकेचे अंदाज सांगणं हा पोरखेळ आहे. डिसेंबरात तिथे केप (हवेतल्या ऊर्जेचा आकडा) पाचशेसुद्धा नसतो, टोर्नेडो कसला होणार? नकाशे दिसत नाहीत. त्यापेक्षा वळवावर लिहा.’

नकाशे मोबाईलवर बारीक दिसतात, हे मान्य. मोठे करून टाकतो. पण ‘पोरखेळ’? ओळख ना पाळख, आणि थेट हा शब्द? मतभेद जरूर मांडा, पण आपल्या भागात परक्या माणसाशीही असं कोणी बोलत नाही.

आता केप. वर चढणाऱ्या हवेला किती ऊर्जा मिळू शकते, एवढंच तो आकडा सांगतो. मी येळ्ळूरच्या शिवारात वाढलो. मे महिन्यात राजहंसगडामागे चढणारे ढग लहानपणापासून बघतोय, वळवाने उडवलेले गोठ्याचे पत्रे रात्री बॅटरी घेऊन शोधलेत. त्या ढगांत ऊर्जा भरपूर असते. तरी तासाभरात खेळ आटोपतो, कारण वरचे वारे मंद असतात. ढग सरळ उभा राहतो आणि त्याचाच पाऊस त्याच्या चढत्या हवेवर कोसळतो. ऊर्जा असून वादळ टिकत नाही, हे मी पुस्तकात वाचण्याआधी बांधावर उभं राहून पाहिलंय.

अमेरिकेच्या आग्नेय भागात हिवाळ्यात नेमकं उलट असतं. जेट प्रवाह, म्हणजे खूप उंचावरचा वेगवान वारा, जोरात, जमिनीलगत मेक्सिकोच्या आखातावरून येणारा दमट दक्षिणवारा, आणि वर जाईल तसा वारा दिशा बदलत वेग घेतो. हाच विंड शिअर. केप ५०० ज्यूल प्रति किलोच्या आत आणि खालच्या ६ किलोमीटरमधला शिअर सेकंदाला १८ मीटरच्या वर, अशा दिवसांचा तिथले हवामानतज्ज्ञ वेगळा अभ्यास करतात, कारण त्या दिवसांतही टोर्नेडो होतात. ढग बुटके, विजा कमी, रडारवर खूण पुसट. म्हणून ‘केप नाही, घरी बसा’ हा सल्ला पाठलाग करणाऱ्याच्या जिवावर बेतू शकतो. त्यात अंधार लवकर पडतो, झाडी दाट, आणि वादळ ताशी ८०-९० किलोमीटरने पळतं.

बरं, डिसेंबरात केप नसतोच हेही खरं नाही. १० डिसेंबर २०२१ ला तो पाचशेच्या बराच वर होता. त्या रात्री केंटकीतलं मेफिल्ड उद्ध्वस्त करणारा ईएफ-४ (शून्य ते पाचच्या तीव्रतेच्या मोजपट्टीवर चार) टोर्नेडो सुमारे २६६ किलोमीटर जमिनीवर राहिला, ५७ माणसं गेली. त्या माणसांच्या विषयाला पोरखेळ म्हणता, याचा मला खरोखर राग आला.

बेळगावात बसण्याबद्दल काय बोलायचं? ओक्लाहोमातल्या नॉर्मनच्या स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटरचे नकाशे इथेही तेवढेच उघडतात. वळवावर मी लिहीत आलोय, शोधलंत तर सापडेल.

पुढच्या वेळी शिअरचा आकडा बघून या, मग बोलू.